टेनरला जोड ऑल्टोची

मनापासून टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला कधी ना कधी ऑल्टो घ्यावाच लागतो. बँडमध्ये रिकामी जागा ऑल्टोची असते, नाहीतर ध्वनिमुद्रणाला बोलावणारा सांगतो की दोन्ही वाद्यं घेऊन या. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत तर हे गृहीतच असे. १९५८ मध्ये कोलकात्याहून मुंबईला आलेल्या मनोहारी सिंग यांचं नाव सॅक्सोफोनमुळे झालं, तरी पाश्चात्त्य बासरीही त्यांच्या हाती तितकीच सफाईने चाले. जॅझमध्ये ही ये-जा दोन्ही दिशांनी झालेली दिसते. जॉन कोलट्रेन मुळात ऑल्टो वाजवत. १९४० च्या दशकाच्या अखेरीला एडी विन्सन यांच्या बँडमध्ये ते टेनरकडे वळले. सॉनी स्टिट यांनी दोन्ही वाद्यं आयुष्यभर सारख्याच अधिकाराने वाजवली.

तेव्हा ऑल्टो घ्यायचा हे ठरलेलं असतं. अडतं ते कोणता घ्यायचा इथे. हातातला टेनर जुना आणि जीव लावलेला असेल, तर त्याच्याशेजारी नवाकोरा ऑल्टो परका वाटतो आणि नजर जुन्या वाद्यांकडे वळते. समजा, टेनर आहे कॉन कंपनीचा '१० एम', अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी १९३० च्या दशकाअखेरीस घडवलेला. पहिला विचार येतो तो त्याच कंपनीच्या, त्याच काळातल्या, तशाच कोरीवकामाच्या '६ एम' ऑल्टोचा. हा विचार अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात पैसे आणि उमेद दोन्ही वाया जाऊ शकतात, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

आधी दोघांचं नातं पाहू. अ‍ॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये पॅरिसला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं, ते एका वाद्याचं नव्हतं, लहानमोठ्या आकारांच्या अख्ख्या कुटुंबाचं होतं. या कुटुंबात बोटं सगळीकडे तीच. कागदावर 'सी' दिसला की टेनरवाला आणि ऑल्टोवाला एकाच जागी बोटं ठेवतात. टेनरमधून पेटीच्या काळी पाचचा सूर येतो आणि ऑल्टोमधून काळी दोनचा. म्हणजे टेनरचा षड्ज धरला तर ऑल्टोचा षड्ज त्याच्या शुद्ध मध्यमावर बसतो. टेनरवर बसवलेली चीज ऑल्टोवर त्याच बोटांनी लगेच वाजते, फक्त मध्यमाइतकी वर सरकते. टेनरचे तळाचे जे सूर छातीत घुमतात ते ऑल्टोच्या नळीत मुळात नाहीतच.

माझ्या मते सगळी निवड या एका गोष्टीवरून ठरायला हवी. टेनरवर प्रेम करणारा माणूस ऑल्टो शोधताना नकळत छोटा टेनर शोधत असतो. जाड, गडद, भरदार आवाज हवा म्हणून तो एकामागून एक वाद्यं नाकारतो आणि शेवटी असा ऑल्टो उचलतो, ज्याचा आवाज गडद नसतो, नुसता मंद असतो. दोन वाद्यांमध्ये जुळवण्याजोग्या गोष्टी तीन: हाताची ठेवण, फुंकरीला होणारा विरोध आणि आवाज. पहिल्या दोन जुळवाव्यात. आवाजाला मात्र ऑल्टोचा म्हणून वेगळा स्वभाव असू द्यावा.

हाताची ठेवण यासाठी महत्त्वाची, की एकाच कार्यक्रमात वादक दहादा वाद्य बदलतो. डाव्या करंगळीखाली चार चाव्यांचं टेबल असतं, सगळ्यात खालचे सूर आणि 'जी शार्प' तिथून निघतात. कॉनच्या त्या काळातल्या वाद्यांवर हे टेबल एका पद्धतीचं, फ्रान्सच्या सेल्मरवर अगदी दुसऱ्या. १९३६ च्या सुमारास सेल्मरने 'बॅलन्स्ड अ‍ॅक्शन' काढला, त्यात बेलवरच्या चाव्या उजव्या बाजूला नेल्या, दांड्यांची रचना बदलली आणि करंगळीचं काम हलकं केलं. पुढे जगातल्या जवळपास सगळ्या कंपन्यांनी तीच मांडणी उचलली. १० एम आणि ६ एम यांच्या बेलवरच्या चाव्या जुन्या पद्धतीने डाव्या बाजूलाच आहेत. सेल्मरवर हात बसलेल्याला कॉन अवघडल्यासारखा वाटतो आणि कॉनची सवय झालेल्याला सेल्मरवर करंगळी चुकीच्या जागी पडल्याचा भास होतो. सावकाश आलापी वाजवताना हे जाणवत नाही. द्रुत लयीत खालच्या 'बी'वरून 'सी शार्प'वर जाताना हटकून जाणवतं.

या कसोटीवर ६ एम पहिल्या प्रयत्नात उतरतो. टेबल ओळखीचं, चाव्यांमधली अंतरंही ओळखीची, आणि फुंकरीलाही तोच मोकळेपणा. कॉनची वाद्यं हवा घेतात, अडवत नाहीत. दोन्हींच्या बेलवर एका स्त्रीचं अर्धचित्र कोरलेलं असतं. त्या कोरीवकामापायीच ही वाद्यं घेणारे लोक पुष्कळ आहेत, आणि ते खरोखरच देखणं आहे. आणखी एक साम्य कारागिरीतलं. जुन्या कॉनमध्ये छिद्रांचे काठ पत्रा ओढून वर काढलेले आणि मग बाहेरच्या बाजूला गोल वळवलेले असतात. साधारण १९४७ नंतर कंपनीने हे वळवणं बंद केलं. वळवलेला काठ पॅडवर हळुवार टेकतो आणि पॅड जास्त टिकतं, असा त्यामागचा दावा. हवा निसटते म्हणून एखाद्या उतावळ्या कारागिराने असे काठ कानशीने सपाट केले असतील तर नुकसान कायमचं. जुनं कॉन तपासताना सर्वांत आधी पॅड उचलून काठ पाहावा तो याचसाठी.

पण ६ एम म्हणजे आकाराने लहान केलेला १० एम नव्हे. त्याच्या नेकवर ऑक्टेव्हची चावी वरून न जाता खालून जाते. सुरुवातीच्या ६ एमच्या नेकच्या टोकाला 'मायक्रोट्यूनर' नावाचं फिरतं कडं आहे. माउथपीस बुचावर पुढेमागे सरकवण्याऐवजी हे कडं फिरवून सूर चढवायचा किंवा उतरवायचा. कल्पना सुरेख, पण आतली बंदिस्ती सुकली किंवा आटे झिजले की तिथूनच हवा निसटू लागते आणि अख्खं वाद्य आजारी वाटतं. पुढे कंपनीने ते काढून टाकलं. १० एमवर हा प्रकार नाही, त्यामुळे टेनरवाल्याला त्याची ओळखही नसते आणि तो पॅडवर खर्च करत बसतो. मायक्रोट्यूनर असलेला ६ एम दिसला तर नेक काढावी, तिचं खालचं तोंड आणि वरचं ऑक्टेव्हचं छिद्र बंद धरावं आणि माउथपीसच्या टोकाने हवा ओढून बघावी. ओढ टिकली पाहिजे.

काळाचीही एक अडचण आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत युद्धसाहित्यासाठी वाद्यांचं उत्पादन थांबवण्यात आलं आणि कॉनचा कारखाना उपकरणं बनवण्याकडे वळला. त्यामुळे युद्धाच्या वर्षांतली वाद्यं जवळपास नाहीतच. युद्धानंतर नमुन्याचं नाव तेच राहिलं, तपशील मात्र एकेक करून बदलत गेले. नाव सारखं म्हणून वाद्य सारखं असं धरू नये. अनुक्रमांकावरून साल काढावं आणि आपल्या टेनरच्या जवळचं साल शोधावं.

मग आवाज? कॉनचे टेनर लेस्टर यंग यांनी वाजवले, डेक्स्टर गॉर्डन यांनीही. एकाचा सूर हलका, तरंगता. दुसऱ्याचा रुंद, ठाम. ६ एम ऑल्टो चार्ली पार्कर यांच्या हातात होता, आणि त्यांचा सूर या दोघांपेक्षा वेगळा, धारदार. पुढे १९४७ मध्ये क्लीव्हलंडच्या एच. एन. व्हाइट कंपनीने पार्करसाठी खास 'किंग सुपर २०' बनवला. तो आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. १९५३ मध्ये टोरांटोच्या मॅसी हॉलमधल्या गाजलेल्या मैफलीत तेच पार्कर 'ग्राफ्टन' नावाचा इंग्लंडमध्ये बनलेला प्लॅस्टिकचा ऑल्टो वाजवत होते. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ऐकताना वाद्य प्लॅस्टिकचं आहे हे मनातही येत नाही; पहिल्या चार सुरांत पार्कर ओळखू येतात. तीन वेगळी वाद्यं, दोन धातूची आणि एक प्लॅस्टिकचं, आणि माणूस एकच. आवाजाचा मोठा वाटा वादकाच्या तोंडात, घशात आणि त्याच्या कानात असलेल्या कल्पनेत असतो. म्हणूनच मी म्हणतो की वाद्य निवडताना हात आणि फुंकर पाहावी.

एल्कहार्टच्या बाकीच्या घराण्यांविषयी थोडं. हे गाव म्हणजे अमेरिकन वाद्यनिर्मितीची पेठच. गस ब्युशर हे मुळात कॉनच्याच कारखान्यातले, नंतर त्यांनी त्याच गावात स्वतःची कंपनी काढली. ब्युशरचे 'ट्रू टोन' आणि 'अ‍ॅरिस्टोक्रॅट' ऑल्टो सुरांच्या नेमकेपणासाठी मला फार आवडतात. कॉनच्या मोकळ्या फुंकरीपेक्षा त्यांची फुंकर किंचित एकवटलेली आणि गोड. शास्त्रीय सॅक्सोफोनचे मोठे वादक सिगुर्ड राशेर हे ब्युशरचे आग्रही पुरस्कर्ते. ग्लाझुनॉव्ह यांनी १९३४ मध्ये ऑल्टोसाठी कन्चेर्तो लिहिला तो त्यांच्यासाठी. ब्युशरमध्ये पॅड चिकटवण्याऐवजी धातूच्या बटणाने अडकवण्याची सोय होती. पुढच्या दुरुस्त्यांत अनेकांनी आतली खुंटीच कापून टाकलेली सापडते, तेवढं बघून घ्यावं. मार्टिन कंपनीच्या वाद्यांची छिद्रं वेगळी करून नळीवर सोल्डरने जोडलेली. आवाजाला वजन असतं, पण सत्तर-ऐंशी वर्षांनी तो जोड कुठेतरी सुटलेला असू शकतो. एल्कहार्टबाहेरचा, क्लीव्हलंडचा किंग सुपर २० धीट आणि उजळ, कॅननबॉल अ‍ॅडरली यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला.

टेनर सेल्मर 'मार्क सिक्स' असेल तर हिशेब बदलतो. १९५४ पासून सुमारे वीस वर्षं बनलेलं हे वाद्य, आणि पाच आकडी अनुक्रमांक असलेल्यांना बाजारात वेगळाच मान. त्याच्या जोडीला मार्क सिक्स ऑल्टोच घ्यावा असं सगळे सांगतात. ऐपत असेल तर घ्यावाही. पण त्या वीस वर्षांत सेल्मरने ऑल्टोच्या खालच्या वळणाची लांबी आणि नेक अनेकदा बदलली, त्यामुळे दोन मार्क सिक्स ऑल्टो एकमेकांसारखे असतीलच असं नाही. चाव्यांची ठेवण आता सगळीकडे सेल्मरसारखीच असल्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनचे यामाहाचे वरच्या दर्जाचे ऑल्टो सेल्मरवाल्याच्या हाताला सहज बसतात आणि सुरांतही पक्के असतात. नावाचा मोह नसेल तर मी हीच वाट सुचवेन. आणखी एक दिलाशाची गोष्ट म्हणजे एकाच घराण्याच्या, एकाच काळातल्या जोडीत ऑल्टो बहुधा टेनरपेक्षा स्वस्त मिळतो, कारण जुन्या टेनरना मागणी जास्त.

आता माउथपीस. यावर वाद्याइतकाच वेळ घालवला पाहिजे. सॅक्सोफोनची नळी नेकपासून बेलपर्यंत रुंदावत जाणारा शंकू आहे, पण त्या शंकूचं निमुळतं टोक कापलेलं आहे, नाहीतर फुंकणार कुठून? त्या कापलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, तेवढीच हवा माउथपीसच्या पोकळीत मावायला हवी. हे गणित जमलं की खालचा आणि वरचा 'डी' एकमेकांचे खरे षड्ज-तारषड्ज होतात. पोकळी लहान पडली की वरचे सूर चढू लागतात आणि सप्तकं ताणली जातात. अ‍ॅडॉल्फ सॅक्सच्या काळापासून १९४० पर्यंतची वाद्यं मोठ्या, गोल पोकळीचा माउथपीस धरून घडवलेली आहेत. आजचे उंच जिभेचे, अरुंद पोकळीचे माउथपीस बुलंद वाजतात, पण जुन्या ऑल्टोवर लावले की लोक म्हणतात जुनी वाद्यं बेसूर असतात. दोष वाद्याचा नसतो. राशेर आयुष्यभर मोठ्या पोकळीच्या माउथपीससाठी भांडले, ते याच कारणाने.

टेनरवर हा विसंवाद पुष्कळसा खपून जातो. ऑल्टोचं सगळंच माप लहान, त्यामुळे पोकळीतला तेवढाच फरक त्याच्या सुरांत जास्त मोठा दिसतो. टेनरवाल्याची दुसरी सवय म्हणजे तोंड सैल ठेवून खालून सूर घेण्याची; ऑल्टोवर तीच सवय सूर पाडते. पाश्चात्त्य शिक्षक एक साधी परीक्षा घेतात. नुसता माउथपीस रीड लावून फुंकला तर ऑल्टोचा सूर पांढरी सहाच्या म्हणजे 'ए'च्या आसपास यावा, टेनरचा पांढरी पाचच्या म्हणजे 'जी'च्या. टेनरवाला ऑल्टोचा माउथपीस फुंकतो तेव्हा तो बहुधा बराच खाली उतरतो. आणि आकड्यांवर जाऊ नये: टेनरच्या ऑटो लिंक ७ या माउथपीसच्या तोंडाची फट सुमारे अडीच मिलिमीटर, ऑल्टोच्या मेयर ५ ची १.८ च्या आसपास. टेनरवर सात वाजवतो म्हणून ऑल्टोवरही सात घेतला तर तोंड थकतं आणि सूर हातात राहत नाही.

बाजारातले सापळे दोन-तीनच, पण महागडे. पहिला 'हाय पिच'चा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लष्करी बँडसाठी काही वाद्यं आजच्या ४४० ऐवजी साधारण ४५७ हर्ट्झच्या 'ए'ला बांधली जात. अशी वाद्यं कितीही माउथपीस ओढला तरी आजच्या सुरात येत नाहीत, कारण चुकीची नुसती लांबी नसते, प्रत्येक छिद्राची जागा वेगळी असते. अनुक्रमांकाजवळ इंग्रजी 'एच' अक्षर कोरलेलं असेल तर वाद्य भिंतीवर लावायला घ्यावं. 'एल' म्हणजे लो पिच, ते चालतं. दुसरा सापळा 'सी मेलडी'चा. १९२० च्या दशकात घरगुती वादनासाठी मोठ्या प्रमाणावर खपलेला हा सॅक्सोफोन ऑल्टो आणि टेनर यांच्या मधल्या आकाराचा असतो आणि विकणाऱ्याला माहीत नसलं की ऑल्टो म्हणून किंवा टेनर म्हणूनही विकला जातो. अनुक्रमांकाजवळचं 'सी' अक्षर बघावं किंवा ट्यूनर लावावा. तिसरं, पुन्हा लॅकर केलेलं वाद्य. त्यासाठी आधी पितळ घासून काढलेलं असतं. कोरीवकामाच्या रेषा बोथट झाल्या असतील तर ते लगेच कळतं. किंमत त्याने उतरते, आवाज उतरतोच असं नाही. वाजवण्यासाठी घेणाऱ्याला हा खरं तर फायद्याचा सौदा ठरू शकतो. नेक मात्र मूळचीच हवी आणि खाली वाकलेली नको. वाकलेल्या नेकच्या खालच्या बाजूला सुरकुती पडते, बोट फिरवलं की लागते.

मुंबई-गोव्याच्या हवेचाही विचार आधीच करावा. मुंबईत जॅझचे बँड १९३० च्या दशकापासून रुळले. लिऑन अ‍ॅबी यांचा अमेरिकन कृष्णवर्णीय बँड १९३५ मध्ये ताज हॉटेलमध्ये आला आणि गोव्याच्या वादकांनी ती परंपरा पुढे नेली. तेव्हापासूनची जुनी वाद्यं अजून इकडच्या घरांत सापडतात आणि त्यांच्यावर पावसाळ्यांचे परिणाम दिसतात. चामड्याची पॅडं ओल धरून फुगतात, त्यांना बुरशी येते, आणि सुईसारख्या पोलादी स्प्रिंगा गंजून ऐन कार्यक्रमात तुटतात. असं वाद्य स्वस्तात मिळालं तरी सगळी पॅडं, बुचं आणि स्प्रिंगा बदलायचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करावी. जुनी कॉन किंवा ब्युशर आधी हाताळलेला कारागीर गाठावा. सरसकट पॅड बदलणाऱ्याला वळवलेले काठ आणि बटणाची पॅडं यांतलं काही ठाऊक नसतं.

प्रत्यक्ष पारख करताना स्वतःचा माउथपीस आणि स्वतःचा टेनर दोन्ही बरोबर न्यावेत. आधी पाच मिनिटं टेनर वाजवून कान आणि हात ताजे करावेत. मग ऑल्टोवर सगळ्यात खालचा 'बी फ्लॅट' अगदी हळू फुंकावा. तो सहज निघाला तर हवा फारशी निसटत नाही. जोर लावावा लागला तर अंधाऱ्या खोलीत नळीत दिवा सोडून प्रकाश कुठल्या पॅडखालून बाहेर येतो ते पाहावं. 'डी'ची दोन्ही सप्तकं, मग 'ए'ची, ट्यूनरकडे न पाहता वाजवावीत आणि नंतर पाहावं. त्यानंतर एकच धून दोन्ही वाद्यांवर लागोपाठ, त्याच बोटांनी, वाद्य बदलायला वेळ न देता वाजवावी. ऑल्टोवर करंगळी अडखळली नाही आणि फुंकर बदलावी लागली नाही तर जोड जमली. सूर टेनरसारखा आला नाही म्हणून त्या क्षणी वाद्य परत ठेवू नये. आठवडाभर त्याच्यावर रोज लांब सूर धरायला मिळतील अशी बोली विकणाऱ्याशी करून घ्यावी.